ही फोडणी नव्हे: गाम्बास आल आहीयो घरच्या गॅसवर

प्रश्न थोडक्यात असा: स्पेनच्या सहलीत माद्रिदच्या एका बारमध्ये मातीच्या वाटीत रटरटत आलेली लसूण-कोळंबी, म्हणजेच ‘गाम्बास आल आहीयो’, खाल्ली आणि ती चव डोक्यातून जाईना. घरी तीनदा करून पाहिली. एकदा लसूण करपून सगळं कडू झालं, एकदा कोळंबी रबरासारखी झाली, तिसऱ्यांदा इतकं पाणी सुटलं की तेलाऐवजी पाण्यातच शिजली. तेल नेमकं किती आणि कुठलं? आपली कुठली मिरची चालेल? वाईन घातलीच पाहिजे का?

यातली पहिली फजिती माझीही झालेली आहे. माद्रिदमध्ये एका छोट्या बारच्या स्वयंपाकघरात मी चार वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुख्य स्वयंपाकिणीनं माझ्या हातातून भांडं काढून घेतलं. मी केलं होतं ते आई घरी करायची तेच: तेल कडकडीत तापवलं, लसूण टाकली, चर्र आवाज आला, मला बरं वाटलं. तिला नाही वाटलं. तिनं तेल ओतून दिलं, भांडं पुसलं, थंड तेलात लसणीचे काप सोडले, मंद आच लावली आणि मला शेजारी उभं केलं. दोन-तीन मिनिटं काही म्हणजे काही घडलं नाही. मग कापांच्या कडेनं बारीक बुडबुडे धरायला लागले, आणि हळूहळू सगळ्या स्वयंपाकघरात वास भरला. करपट, झणझणीत नाही, गोडसर.

आपला हात फोडणीचा आहे, सगळी अडचण तिथून सुरू होते. फोडणीत तेल आधी तापतं, जिन्नस नंतर पडतात, दहा सेकंदांत खेळ संपतो आणि मग ती डाळीत किंवा भाजीत मिसळून जाते. लसूण जरा जास्त लाल झाली तरी आमटी सांभाळून घेते. इथे सांभाळून घेणारं कुणी नाही, कारण तेल हेच इथलं कालवण. माद्रिदच्या बारमध्ये माणसं बघा. कोळंबी चार घासांत संपते, आणि मग खरं खाणं सुरू होतं: पावाचा तुकडा तोडायचा, वाटीत बुडवायचा, शेवटचा थेंब पुसून घ्यायचा. तेव्हा कोळंबीची काळजी नंतर करा, आधी तेल साधा.

नावातही कोळंबीइतकीच लसूण आहे. स्पॅनिशमध्ये लसणीला ‘आहो’ म्हणतात, त्यातला ‘ह’ जरा घशातून खरवडून काढायचा. ‘आहीयो’ हे त्याचं लाडाचं रूप. मंडईत मी पहिल्यांदा ‘आहो, आहो’ करत लसूण मागितली तेव्हा माझं मलाच हसू आलं, आपल्याकडे त्या हाकेला लसूण नाही, नवरा वळून बघतो. लसूण, तेल आणि सुकी मिरची या त्रिकुटात तिथे कोंबडी, ससा, अळंबी, काय वाटेल ते करतात. सगळे ‘आल आहीयो’. माद्रिदला समुद्र नाही, सर्वांत जवळचा किनारा सुमारे ३०० किलोमीटरवर. तरीही कोळंबीचा हा प्रकार त्या शहराच्या बारांचा मानबिंदू झाला. पुएर्ता देल सोल चौकाजवळचं ‘ला कासा देल आबुएलो’ हे १९०६ साली सुरू झालेलं दुकान आजही मुख्यतः कोळंबीवर चालतं, सोबत गोड लाल वाईनचा छोटा पेला. दक्षिणेला मालागाकडे गेलात तर जवळपास हाच पदार्थ ‘पिल-पिल’ नावानं मिळतो. पिल-पिल हा तेल उकळताना होणारा आवाज, आपल्या रटरट किंवा चुरचुरसारखा. बास्क प्रांतातलं कॉड माशाचं पिल-पिल मात्र वेगळं, तिथे माशातला चिकटपणा तेलात घोळवून दाट, पांढरट रस्सा करतात. इंटरनेटवर पाककृती शोधताना या दोन्हींची गल्लत करू नका. पोर्तुगालमध्ये ‘आल आहीयो’चा अपभ्रंश होऊन ‘गाम्बास आ गिल्यु’ झालं.

आता तेल. दोन माणसांना पोटभर, किंवा चौघांना गप्पांबरोबर पुरेल अशा ३०० ग्रॅम सोललेल्या कोळंबीला मी १२० मिली, म्हणजे पोह्याच्या चमच्यानं नव्हे तर १५ मिलीच्या मोजमापी चमच्यानं आठ चमचे तेल घेतो. आकडा ऐकून दचकू नका, निम्मं तेल तुमच्या पोटात पावाबरोबरच जाणार आहे आणि ते जावं हाच उद्देश आहे. दोन चमचे तेलात केलेला पदार्थ वाईट लागत नाही, पण ती परतलेली कोळंबी झाली. भांड्यात तेल इतकं हवं की कोळंबी निम्मी तरी बुडेल.

तेल ऑलिव्हचं आणि एक्स्ट्रा व्हर्जिन. आपल्याकडे दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ‘पोमेस’ लिहिलेल्या बाटल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेल्या तेलाच्या असतात. तळायला ठीक, पण त्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आणि इथे वासाचेच पैसे आहेत. एक्स्ट्रा व्हर्जिन गरम करू नये असं सर्रास सांगितलं जातं, त्याकडे लक्ष देऊ नका. चांगलं तेल साधारण १९० अंशांपर्यंत धूर सोडत नाही आणि आपण लसणीच्या वेळी त्याच्या बरेच खाली असतो. आंदालुसियातल्या हाएन भागातलं पिकुआल जातीचं तेल तिखट-कडवट असतं, कातालोनियातलं आर्बेकिना सौम्य. बाटलीवर जात लिहिली असेल तर पहिल्यांदा आर्बेकिना घ्या. परवडत नसेल तर साधं ऑलिव्ह तेल ९० मिली शिजवायला आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ३० मिली अगदी शेवटी वरून. घाण्याच्या शेंगदाणा तेलात चालेल का असं माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं. मी एकदा केलं होतं आणि भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्लं. फक्त त्याला स्पॅनिश म्हणू नये.

लसूण मोजताना जरा भान ठेवा. स्पेनमधल्या पाककृतीत चार पाकळ्या लिहिलेल्या असतात त्या तिथल्या जाडजूड पाकळ्या. कुएन्का प्रांतातलं लास पेद्रोन्येरास हे गाव जांभळ्या लसणीसाठी प्रसिद्ध आहे, तिथली एक पाकळी म्हणजे आपल्या गावठी लसणीच्या तीन. या मापाला मी आठ-नऊ मोठ्या पाकळ्या घेतो, गावठी असेल तर पंधरा-सोळा. ठेचू नका, किसू नका. लसणीच्या पेशी जितक्या फुटतात तितका तिच्यातला उग्रपणा बाहेर येतो, शिवाय ठेचलेला चुरा तेलात काही सेकंदांत काळा होतो. पातळ चकत्या करा, एक-दीड मिलिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या. एक चकती कागदासारखी नि दुसरी जाड असेल तर पहिली करपते तेव्हा दुसरी कच्ची असते. तुमची लसूण करपली त्यात गरम तेलाबरोबर हेही कारण असणार. मधला हिरवा कोंब निघाला तर तेवढा काढून टाका, तो कडवट असतो. दोन पाकळ्या मात्र मी चपट्या ठेचून एका वेगळ्याच कामासाठी ठेवतो, ते पुढे सांगतो.

मिरचीचा प्रश्न सोपा आहे. तिथे छोटी सुकी तिखट मिरची वापरतात, गिंदिया किंवा कायेना म्हणतात तिला. आपली संकेश्वरी एक घ्या, दोन तुकडे करून, बिया झटकून. लवंगी असेल तर अख्खी टाका, मोडू नका. ब्याडगी रंग देईल पण तिखटपणा देणार नाही. मिरची अमेरिकेतून आधी स्पेनला पोहोचली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला, त्यामुळे ती वापरताना आपण काही भेसळ करतोय असं वाटून घेऊ नका. तिखटपणा मागून यायला हवा, डोळ्यांतून पाणी काढायला नव्हे. लाल तिखट नको. काही जण धुराच्या वासाचं पिमेन्तोन, म्हणजे ओकच्या धुरावर सुकवलेल्या मिरचीची पूड घालतात. घालायचीच असेल तर गॅस बंद केल्यावर, चिमूटभर, कारण तापलेल्या तेलात ती क्षणात जळते. मला विचाराल तर नको. हळद तर नकोच. कोळंबीला हळद-मीठ चोळायची आपली सवय इतकी पक्की आहे की वर्गात मी पहिल्यांदा डबा बाजूला ठेवून देतो.

कोळंबीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमची दुसरी आणि तिसरी फजिती इथली आहे.

डोक्यासकट ताजी मिळाली तर सोनंच. साधारण ६०० ग्रॅम आणली तर सोलून ३०० ग्रॅमच्या आसपास उरते. कोळणीकडून घेताना डोकं धडाला घट्ट आहे ना ते बघा, कवच कडक आणि चकचकीत हवं. नाकाला अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर पुढच्या टोपलीकडे जा. आकार मध्यम, अंगठ्याएवढा. करंदी यासाठी घेऊ नका, तेल तापेपर्यंत ती शिजून जाते. फार मोठी टायगरही नको, तिचा आत शिजेपर्यंत बाहेरचा भाग चामड्यासारखा होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजी’ म्हणून बर्फावर ठेवलेल्या कोळंबीपेक्षा चांगली फ्रोझन घेतलेली बरी. त्यात कमीपणा नाही, स्पेनमधले कितीतरी बार फ्रोझन कोळंबीच वापरतात. आपल्याकडे पाकिटात बहुधा शेततळ्यातली व्हनामी जातीची कोळंबी असते, ती छान चालते.

फ्रोझनची अडचण पाण्याची. पाकिटातल्या कोळंबीवर बर्फाचं पातळ आवरण असतं, आणि कित्येकदा वजन धरून राहावं म्हणून तिला फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेलं असतं. ते सगळं पाणी तव्यावर सुटतं. पाकिटावरचे घटक वाचा: नुसती कोळंबी आणि मीठ लिहिलं असेल ते उचला. रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून बर्फ उतरू द्या, म्हणजे पाणी खाली निथळतं. घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यात कधीही नाही.

मग सोला, शेपूट ठेवलीत तर दिसायला बरी, काढलीत तर खायला बरी. पाठीवर उभा छेद देऊन काळा धागा काढा. अर्धा छोटा चमचा मीठ आणि दोन चिमूट खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोडा ही स्पॅनिश रीत नाही, माझी भर आहे. त्यानं कोळंबीतलं पाणी आतच धरून राहतं आणि चावताना ती कुरकुरीत, भरीव लागते, आणि अर्धं मिनिट जास्त शिजली तरी क्षमा करते. ताजी, त्याच दिवशीची असेल तर सोडा वगळा. ठेचून ठेवलेल्या त्या दोन पाकळ्या याच वेळी चमचाभर तेलाबरोबर कोळंबीला चोळायच्या, म्हणजे लसूण नुसती भोवताली न राहता मांसातही उतरते. भांड्यात टाकण्याआधी लसणीचा हा चुरा झटकून टाका आणि कोळंबी जुन्या सुती कापडात गुंडाळून दाबून कोरडी करा. टिश्यूनं वरवर पुसून भागत नाही. पंचाच घ्या.

डोकी आणि कवचं टाकून देऊ नका. हे काम ऐच्छिक आहे, पण एकदा केलंत की परत सोडणार नाही. कवचं कोरडी करून त्या १२० मिली तेलात मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, डोकी चमच्यानं दाबत राहा, मग गाळा. कोळंबी शिजली की केशरी होते, तो रंग कवचात आधीपासून असतोच. कच्चेपणी तो एका प्रथिनात अडकून निळसर-करडा दिसतो, उष्णतेनं सुटतो. हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आपण डोक्यांचा पाण्यात रस काढतो तेव्हा चव येते पण रंग बराचसा तवंगावरच राहतो, तो यामुळेच. गाळलेलं तेल पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केलीत तर पुन्हा फोडणीच होईल.

भांडं. तिथे कासुएला नावाची झिलई दिलेली मातीची उथळ वाटी असते. माती सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून टेबलावर आल्यावरही तेल उकळत असतं. इथे मातीचं भांडं वापरणार असाल तर ते स्वयंपाकासाठीचंच आहे आणि झिलईत शिसं नाही याची खात्री करा. शोभेचं नको. आदल्या रात्री पाण्यात भिजवून, नीट वाळवून मगच आचेवर ठेवा आणि आच हळूहळू वाढवा. एवढा खटाटोप नको असेल तर घरातली बिडाची छोटी कढई किंवा उथळ बिडाचा तवा काढा. बीडही उष्णता धरून ठेवतं. नॉनस्टिक चालतं, पण ते उतरवलं की तेल लगेच शांत होतं. कोळंबी एका थरात मावायला हवी. एकावर एक चढली की खालची तळते, वरची वाफवते आणि मध्ये पाणी साचतं. सहा माणसं असतील तर दोन खेपा करा. सगळे एकदम जेवायला बसले पाहिजेत हा आग्रह या पदार्थापुरता सोडा, बारमध्येही वाट्या एकामागून एकच येतात.

आता प्रत्यक्ष शिजवणं, याला सगळं मिळून आठ-नऊ मिनिटं लागतात. पाव आधी कापून ठेवा, माणसं टेबलावर बसवा. गार तेलात लसणीच्या चकत्या आणि चिमूटभर मीठ घाला, आच अगदी मंद. साधारण दोन-तीन मिनिटांनी बुडबुडे धरतील, चार-पाच मिनिटांनी चकत्यांच्या कडा पिवळसर होतील. मिरची आता टाका. चकत्या सोनेरी व्हायची वाट पाहू नका. कडा फिकट सोनेरी आणि मध्य अजून पांढरा असतानाच पुढचं पाऊल उचला, कारण तेल तापलेलं असतं आणि लसूण पुढेही रंग घेत राहते. जरा जास्त झालीय असं वाटलं तर चकत्या झाऱ्यानं बाहेर काढून ठेवा आणि शेवटी परत घाला. यात हार मानल्यासारखं काही नाही, मी पहिलं वर्षभर हेच करत होतो.

आच मोठी करा, पंधरा-वीस सेकंद थांबा, आणि कोरडी कोळंबी एका थरात पसरा. आवाज यायला हवा. एक मिनिट हात लावू नका. उलटा. आणखी चाळीस सेकंद ते एक मिनिट. कोळंबी वाकून अर्धचंद्रासारखी झाली की शिजली. शेपूट डोक्याच्या बाजूला टेकून पूर्ण वेटोळं झालं की तुमची ती रबरी कोळंबी तयार झाली असं समजा. मी पाठीवरच्या छेदात बघतो: सर्वांत जाड ठिकाणी काचेसारखा पारदर्शकपणा किंचित उरलेला असताना गॅस बंद. बिडाचं किंवा मातीचं भांडं उरलेलं काम टेबलापर्यंत जाता जाता करतं. नॉनस्टिकमध्ये मात्र पारदर्शकपणा पूर्ण जाऊन मोत्यासारखा पांढरा रंग आला की मगच उतरवा.

वाईनचं विचारलंत. नाही घातली तरी चालते, माद्रिदमध्ये घालणारे आणि न घालणारे दोन्ही आहेत. घालायची तर कोरडी, म्हणजे गोड नसलेली शेरी वाईन, तिचा फिनो किंवा मान्सानिया हा प्रकार, एक मोठा चमचा. काही जण ब्रँडी घालतात. गोड पोर्ट वाईन घालू नका. कोळंबी उलटल्यावर लगेच, भांड्याच्या कडेनं सोडायची, आणि त्या क्षणी चेहरा लांब ठेवायचा: तापल्या तेलात पातळ पदार्थ उडतो आणि ब्रँडी गॅसच्या ज्योतीवर पेटूही शकते. म्हणून घालताना गॅस क्षणभर बंद करणं बरं. घरी दारू नको असेल तर शेवटी लिंबाचे पाच-सहा थेंब. व्हिनेगर नको, कोकम नको. वरून बारीक चिरलेली पार्सली मूठभर. पार्सली नसेल तर काहीच नको, कोथिंबीर टाकलीत की नाक थेट आपल्या स्वयंपाकघरात परत येतं.

पावाकडे दुर्लक्ष करू नका. लादी पाव इथे फार मऊ पडतो, तेलात त्याचा लगदा होतो. मुंबईत असाल तर इराणी बेकरीतला ब्रून, गोव्यात असाल तर उंडो. वरून कडक, आतून जाळीदार असा कुठलाही पाव चालेल, फक्त तो भाजून त्यावर लोणी लावू नका.

बारमध्ये ही वाटी कधी कधी लाकडी काट्यानं खाताना दिसेल. ती रीत खरी अंगुलासची, म्हणजे ईल माशाच्या शेवयांसारख्या बारीक पिल्लांची. बास्क प्रांतात ती अशाच लसूण-मिरचीच्या उकळत्या तेलात करतात, आणि धातूचा काटा तापून ओठ भाजतो म्हणून लाकडी. पिल्लं इतकी महाग झाली आहेत की बहुतेक लोक आता माशाच्या लगद्यापासून बनवलेली नकली पिल्लं खातात, त्यांना नुसतं ‘गुलास’ म्हणतात. घरी लाकडी काटा नसेल तर पहिली दोन मिनिटं पाव बुडवत बसा, तोवर कोळंबी तोंडात घालण्याजोगी होते.

तेल उरलं तर, आणि पाव कमी पडला तर ते उरतंच, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. लसूण जमिनीतली, तिच्यावर बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा नसते, नेमकी तीच परिस्थिती त्यांना वाढायला लागते. उकळल्यानं ते बीजाणू मरत नाहीत, आणि विष तयार झालं तरी वासावरून कळत नाही. गार होताच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात दोन अंडी हलक्या हातानं घोळवा, अर्धवट ओलसर असतानाच उतरवा, वर उरलेल्या दोन कोळंब्या चिरून टाका. स्पॅनिश लोक अशा अंड्यांना ‘रेव्हुएल्तो’ म्हणतात.

आणि घरात कुणी मासे खात नसेल तर कोळंबी न लागलेल्या अशाच ताज्या लसूण-तेलात बटण मशरूम करा, चार तुकडे करून. त्याला लसूण तशीच मंद आचेवर, पण मशरूम घातल्यावर सात-आठ मिनिटं मोठी आच, त्यांचं पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत. मीठ मात्र पाणी आटल्यावर घाला.